व्हेरिकोज व्हेन्स आहेत? चाला, पण टाच उचलून चाला

संध्याकाळी साडेसात-आठ वाजले की पाय दगडासारखे जड होतात, पोटरीत आतून ओढल्यासारखं होतं, मोजे काढले की घोट्याच्या वर रबराचा खोल वळ दिसतो आणि रात्री अडीच-तीनला पोटरीत असा गोळा येतो की माणूस कळवळून उठून बसतो. हे ज्यांना होतं त्यांच्यासाठी लिहून राहिली. मी नागपुरात 21 वर्षांपासून लेडीज पार्लर चालवते, म्हणजे 21 वर्षं रोजचे नऊ-दहा तास खुर्चीच्या मागे उभी, आणि माझ्या आईला, मोठ्या मावशीला, दोघींनाही गुडघ्याच्या मागे निळ्या गाठीगाठीच्या शिरा होत्या, त्यांनाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. घरातून आलेलं आणि वरून उभं राहायचं काम, त्यामुळे मला होणारच होतं. दोन बाळंतपणं झाली त्यात अजून भर पडली.

आधी हे कळून घ्या की पायात नेमकं बिघडतं काय, कारण ते कळलं की व्यायाम कसा करायचा ते आपोआप कळतं. माझ्या भावाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, विहिरीवर मोटर आहे. पाइपाच्या खालच्या तोंडाला फुटवॉल असतो, पाणी वर जाऊ देतो पण खाली येऊ देत नाही. तो फुटवॉल गळायला लागला की रात्रभरात पाइपातलं सगळं पाणी परत विहिरीत आणि सकाळी मोटर नुसती घरघर करते. पायाच्या शिरांमध्ये असेच छोटे छोटे व्हॉल्व्ह असतात, एकावर एक, घोट्यापासून जांघेपर्यंत. ते ढिले झाले की वर चढवलेलं रक्त खाली घसरतं, खालच्या शिरेवर भार येतो, ती फुगते, वाकडीतिकडी होते, तिच्या भिंतीतून पाणी बाहेर झिरपतं म्हणून सूज. आणि मोटर कोणती? पोटरी. हृदय रक्त खाली ढकलतं ते ठीक आहे, पण ते परत वर आणायचं मोठं काम पोटरीचा स्नायू करतो, तो आवळला की आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर उडतं. म्हणूनच डॉक्टर लोक पोटरीला दुसरं हृदय म्हणतात.

याचा आकडा ऐकून मी खरंच चाट पडली होती. आपण नुसते उभे असतो तेव्हा घोट्यापाशी शिरेतला दाब 80 ते 90 पर्यंत असतो, बीपी मोजतात ना त्याच मापात, आणि चांगला पाय चालायला लागला की दहा-बारा पावलांतच तो 30 च्या खाली येतो. व्हॉल्व्ह गळके असतील तर तेवढा उतरत नाही, पण उतरतो. म्हणजे एका जागी उभं राहणं हा पायाला सगळ्यात मोठा त्रास आणि चालणं हा त्यातून सुटका. "दिवसभर तर पायावरच असते मी, अजून काय चालू" असं मी स्वतः किती वर्षं म्हणत होती, पण पायावर उभं असणं वेगळं आणि चालणं वेगळं.

आता मुख्य गोष्ट, जी मला उशिरा कळली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा मी रोज संध्याकाळी पार्लर बंद केल्यावर पाऊण तास चालत होती, दीड महिना, काडीचा फरक नाही. मग काटोलची आत्या राहायला आली, सोबत चालायला निघाली आणि दहा मिनिटांत म्हणाली, "काऊन वं, पाय ओढून ओढून काऊन चालून राहिली? चप्पल ऐक तुझी." आणि खरंच, चप्पल सर्र सर्र वाजत होती. मी पाय उचलतच नव्हती. रबरी चप्पल निसटू नये म्हणून बोटांनी धरून ठेवायची सवय, त्यामुळे घोटा हलतच नव्हता, अख्खं पाऊल इस्त्रीसारखं जमिनीवरून सरकत होतं. घोटा हलला नाही तर पोटरी आवळत नाही, पोटरी आवळली नाही तर मोटर बंद. मग पाऊण तास चाला की दोन तास चाला. पुढच्या वेळी डॉक्टरांनी मला भिंतीला हात लावून चवड्यावर उभं राहायला लावलं, मोजून सहा वेळा टाच उचलली गेली आणि सातव्या वेळी पोटरी थरथर कापायला लागली. इतकी कमजोर झाली होती.

तर चालायचं असं. टाच आधी टेकवायची, मग पाऊल पुढे लोळवत न्यायचं, आणि शेवटी चवड्याने जमीन मागे ढकलायची, तेव्हा मागची टाच उचलली गेली पाहिजे आणि पोटरीत घट्टपणा जाणवला पाहिजे. सुरुवातीला एकदा हात मागे नेऊन पोटरीवर ठेवा आणि दोन पावलं चाला, हाताखाली स्नायू कडक होतो का ते बघा. पावलं फार लांब टाकायची गरज नाही, मध्यम टाकली तरी चालतं. वेग एवढा की सोबतच्या बाईशी बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. हात मोकळे सोडा, मोबाईल हातात धरून खाली बघत चाललं की पाऊल परत सरकायला लागतं, हे मी स्वतःवरच पाहिलं आहे.

आणि चप्पल सोडा. मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट, टाच सपाट किंवा थोडीशीच उंच, चवडा वाकवला की बूट वाकला पाहिजे. उंच हिल्समध्ये पोटरी आखडलेलीच राहते, पूर्ण लांब होत नाही मग पूर्ण आवळतही नाही. बूट घ्यायला संध्याकाळी जा, पाय सुजलेला असताना माप घेतलं म्हणजे नंतर चावत नाहीत.

चालायला सुरुवात करायच्या आधी एकदा डॉक्टरला पाय दाखवा, हे मी औपचारिकता म्हणून सांगत नाही. डॉपलर सोनोग्राफी होते, दुखत नाही, त्यात कोणत्या शिरेचा व्हॉल्व्ह गळतो आणि आतली खोल शीर मोकळी आहे की नाही ते दिसतं. नागपुरात मेडिकल कॉलेज किंवा मेयो हॉस्पिटलमध्ये सर्जरीच्या ओपीडीत दाखवता येतं, मिहानजवळ एम्स आहे, सोयीचं असेल तिथे दाखवा. दोन गोष्टी घरी बसून पण ओळखता येतात. चाललं की पाय हलका होतो आणि उभं राहिलं की जड होतो, तर बहुतेक शिरांचा त्रास. पण उलटं असेल, म्हणजे थोडं चाललं की पोटरी धरते आणि थांबलं की दोन मिनिटांत सुटते, मग ते रक्त नेणाऱ्या धमनीचं दुखणं असू शकतं. त्याचे उपाय वेगळे, त्यात शिरांसाठीचे टाइट मोजे घालणं तर घातक ठरू शकतं. शुगर असलेल्यांनी आणि तंबाखू-विडी असलेल्यांनी हे नक्की तपासून घ्या.

आता नागपुरात चालायचं कुठे आणि कधी. उन्हाळ्याचं आपल्याकडे माहीतच आहे, मे महिन्यात 45 च्या वर जातं आणि गरमीने वरच्या शिरा अजून पसरतात, त्यामुळे एप्रिल ते जून पाय जास्त सुजतात, हे तुमचं व्यायामात काही चुकलं म्हणून नाही. या दिवसांत सकाळी साडेपाचला उजाडतं तेव्हा निघायचं आणि साडेसहापर्यंत घरात. संध्याकाळी सातलाही डांबरी रोड भट्टीसारखा तापलेला असतो आणि ती सगळी धग खालून पायालाच लागते, म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळचं चालणं मी बंदच करते आणि घरातच व्यायाम करते. हिवाळ्यात मात्र नागपूरसारखं शहर नाही चालायला. सिव्हिल लाइन्सचे झाडाखालचे रोड, महाराजबाग, फुटाळ्याचा काठ, धरमपेठेत ट्रॅफिक पार्क. सेमिनरी हिल्सला चढ आहे, चढावर पोटरीला चांगलं काम पडतं पण पहिल्या महिन्यात नको, आधी सपाटीवर जम बसू द्या. पावसाळ्यात रोडवर चिखल नि खड्डे असतात आणि शिरांच्या पायाला खरचटलेलं लवकर भरत नाही, तेव्हा गच्चीवर किंवा हॉलमध्ये येरझाऱ्या मारल्या तरी तेच काम होतं, पोटरीला जागा कळत नाही.

किती चालायचं? पहिल्या आठवड्यात सकाळी 10 मिनिटं, संध्याकाळी 10 मिनिटं, बस्स. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा, दिवसाचे एकूण 30-40 मिनिटं झाले की पुष्कळ झालं. आठवड्यात पाच दिवस अर्धा अर्धा तास म्हणजे 150 मिनिटं, मोठ्या माणसाला तेवढं तरी चालणं हवं असं जागतिक आरोग्य संघटना पण सांगते. पण शिरांसाठी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे, ती म्हणजे एकदाच तासभर चालून मग आठ तास खांबासारखं उभं राहिलं तर त्या तासाचा फायदा दुपारपर्यंत संपतो. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं हललं पाहिजे. मी मोबाईलला अलार्म लावून ठेवला होता, आता सवय झाली. फेशियलचा पॅक लावला की तो वाळेपर्यंत पार्लरमध्येच दारापासून बेसिनपर्यंत चार फेऱ्या, मेंदी लावताना खाली उंच स्टूल घेऊन बसणं. दुकानात काउंटरमागे उभे असणारे, शाळेत शिकवणारे, चौकात ड्युटी करणारे, घरी ओट्याशी दोन-दोन तास स्वयंपाक करणाऱ्या, या सगळ्यांना हे लागू आहे.

हलायला जागाच नसेल तर उभ्या उभ्या टाचा उचला. हा एकच व्यायाम करायचा असेल तर हा करा. ओट्याला दोन्ही हात हलके टेकवा, पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, दोन आकडे मोजत हळूहळू चवड्यावर या, एक आकडा वर थांबा, तीन आकडे मोजत खाली या. धपकन टाच आपटायची नाही, खाली येताना सावकाश आलं म्हणजे स्नायूला खरं काम पडतं. पहिल्या दिवशी 8-10 झाले तरी पुष्कळ, थोडं थांबून परत 8-10. मला दोन महिन्यांनी एका वेळी 25 जमायला लागले. कणीक भिजवून ठेवली, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आहेत, त्या वेळात होऊन जातात, वेगळा वेळ काढायचीच गरज नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसूनच टाचा उचला, गुडघ्यावर हात ठेवून वरून थोडा दाब द्या, तसंही चालतं. मग उलट करा, टाचा जमिनीवर ठेवून चवडे वर उचला, यात नडगीच्या बाजूचा स्नायू चालतो आणि घोटा मोकळा राहतो.

घोटा आखडलेला असेल, माझा होता, तर भिंतीला हात लावून एक पाय मागे घ्या, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पुढे झुका, पोटरी ताणली जाईल. 30 आकडे मोजा. प्रत्येक पायाला तीनदा. झटके द्यायचे नाहीत. हे चालायला निघायच्या आधी केलं तर पाऊल छान लोळतं.

बसून काम करणाऱ्यांसाठी घोट्याचा पंप. पाय पुढे लांब करा, पावलं आपल्याकडे ओढा, मग पुढे लोटा, शिलाई मशीनचं पायडल चालवतो तसं, 20-30 वेळा, मग घोटा गोल फिरवा दोन्हीकडून. टीव्ही बघताना, रात्री झोपायच्या आधी पलंगावर, सकाळी उठायच्या आधी पलंगावरच. रात्रीचा गोळा येणं याने माझं बरंच कमी झालं.

संध्याकाळचा भाग मला सगळ्यात आवडतो. घरी आली की आधी पायावर साधं थंड पाणी ओतते, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, एक बादली, गरम नाही, आणि मग सतरंजी टाकून भिंतीजवळ आडवी होते, पाय वर भिंतीला टेकवून. पार्श्वभाग भिंतीला अगदी चिकटवायची गरज नाही, थोडं अंतर ठेवलं की गुडघ्यामागे ताण येत नाही. पाय हृदयाच्या वर असले पाहिजेत एवढंच, नुसते समोरच्या टेबलावर ठेवून काही होत नाही. दहा-पंधरा मिनिटं. या वेळात पोटातून श्वास घ्या, एक हात पोटावर ठेवा, श्वास आत घेताना हात वर आला पाहिजे. श्वास आत घेतला की छातीतला दाब कमी होतो आणि खालचं रक्त वर ओढलं जातं, म्हणून हा पण एक व्यायामच. मी पडल्या पडल्या बघते, पाचेक मिनिटांत पोटरीवरची ती जाड निळी शीर बसत जाते आणि दिसेनाशी होते, पायात थंड वारं शिरल्यासारखं वाटतं. भिंतीला पाय लावणं जमत नसेल तर खाली झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा. हृदय कमजोर असलेल्यांनी, काचबिंदू असलेल्यांनी किंवा बीपी आवरत नसलेल्यांनी हे विचारूनच करा. रात्रीसाठी पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या की रात्रभर पाय थोडे वर राहतात, उशी ठेवली तर ती झोपेत सरकून जाते. हृदयाचा त्रास असेल तर हे पण डॉक्टरांना विचारूनच.

सायकल चांगली, पोहणं तर फारच चांगलं कारण पाण्याचा दाबच शिरांच्या टाइट मोज्यासारखं काम करतो. सूर्यनमस्कार हळू घातले तर ठीक. श्वास कोंडून जड वजन उचलणं टाळा, त्याने पोटातला दाब वाढतो आणि तो सरळ खाली पायाच्या शिरांवर येतो. भरलेलं सिलेंडर एकटीने उचलायचं नाही, घरात कोणाला तरी हाक मारा. उकिडवं बसून तासभर भांडी-कपडे करणं, भाजी निवडत खूप वेळ मांडी घालून बसणं, यात गुडघ्यामागे शीर दबते. बसा, पण मधून मधून उठा.

मालिशीचं सांगते कारण यात माझं नुकसान झालं. एका ओळखीच्या बाईंनी मालिशवाली पाठवली, ती म्हणाली गाठी फोडून देते, आणि तिने अंगठ्याने शिरेच्या गाठींवर जोर लावून लावून तेल जिरवलं. दुसऱ्या दिवशी ती शीर लाल, गरम, दोरीसारखी कडक. शिरेत रक्त गोठून सूज आली होती, तीन आठवडे गेले त्यात. गाठी फुटत नसतात. खोबरेल तेल लावा, कातडी कोरडी पडून खाज येते त्याला बरं असतं, पण हलक्या तळहाताने, घोट्याकडून वर. नखांनी खाजवायचं नाही, घोट्याच्या आतल्या बाजूची काळी पडलेली कातडी कागदासारखी असते, तिथे जखम झाली की महिनोन् महिने भरत नाही. शेकायची पिशवी, गरम पाण्याचं टब, हे पण नको.

मोज्यांबद्दल. डॉक्टरांनी लिहून दिलेले कॉम्प्रेशन मोजे घालून चाललं तर पोटरीच्या मोटरला दुप्पट जोर येतो असं मला तरी वाटतं, बाहेरून आवळलेलं असलं की स्नायू आवळल्यावर रक्ताला वर जाण्याशिवाय दुसरीकडे जागा राहत नाही. यात क्लास असतात, क्लास 1 म्हणजे घोट्यापाशी 18 ते 21 दाब, क्लास 2 म्हणजे 23 ते 32, तुम्हाला कोणता ते डॉक्टर ठरवतील. पण माप घेतल्याशिवाय घेऊ नका. एका दुकानात मला "मीडियम घेऊन जा, सगळ्यांना होतो" म्हणून दिले आणि ते गुडघ्याखाली गुंडाळी होऊन दोरीसारखे काचायला लागले, म्हणजे औषधाचं उलट झालं. सकाळी उठल्या उठल्या, सूज नसताना घोट्याचं, पोटरीचं आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं माप घ्यायचं. घालायचे पण सकाळी पलंगावरून खाली उतरायच्या आधी, रात्री काढायचे. भांडी घासायचे रबरी हातमोजे हातात घातले की मोजा सरकवायला सोपा जातो. सहा महिन्यांत ढिले होतात, मग नवीन घ्या. उन्हाळ्यात घामाने जीव जातो, मान्य आहे. मी डॉक्टरांना विचारून मे महिन्यात फक्त पार्लरच्या वेळात घालते आणि बोटं उघडी असलेले घेते, सुती फ्रॉकखाली दिसतही नाहीत. बोटं निळी-पांढरी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढा.

प्रवास. समृद्धीवरून मुंबईला निघालात तर 701 किलोमीटर, किंवा ट्रॅव्हल्सने रात्रभर पुण्याला, इतका वेळ गुडघे वाकवून बसलं की पाय भरून येतातच आणि खोल शिरेत रक्ताची गाठ व्हायची भीती पण असते. पाणी प्यायला टाळू नका लघवी लागेल म्हणून. दर अर्ध्या तासाला घोट्याचा पंप 30 वेळा, गाडी थांबली की खाली उतरून पाच मिनिटं चाला, नुसतं चहाच्या टपरीशी उभं राहायचं नाही. मेट्रोत सीताबर्डीपर्यंत उभं जायचं असलं तर दांडा धरून टाचा उचला, कोणी बघत नाही आणि बघितलं तरी काय होतं.

काही वेळा व्यायाम बिलकुल करायचा नाही, सरळ दवाखाना. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते आणि गरम लागते, तर ती खोल शिरेतली गाठ असू शकते, चोळायचं नाही, त्याच दिवशी दाखवा. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर 108 ला फोन, वाट बघायची नाही. शीर फुटून रक्त आलं, कधी कधी आंघोळीत नुसता धक्का लागून पण चिळकांडी उडते, तर घाबरून उभे राहू नका, जागच्या जागी आडवे व्हा, पाय उंच करा आणि स्वच्छ फडक्याने दहा-पंधरा मिनिटं घट्ट दाबून धरा. दोरी बांधायची नाही. थांबलं तरी नंतर दाखवा. घोट्यापाशी जखम आहे आणि दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवा. गरोदरपणात पायावर शिरा दिसायला लागल्या तर चालणं आणि घोट्याचा पंप चालतो, बाकीचं आपल्या डॉक्टरणीला विचारून करा.

आणि एक खरं खरं सांगते. चालून शिरा जात नाहीत. गळका फुटवॉल मोटर चालवून दुरुस्त होत नाही, तसंच. माझ्या उजव्या पायाची जांघेपासूनची मोठी शीरच बिघडली होती, तिचं चार वर्षांआधी लेझर केलं, बारीक सुईच्या छिद्रातून होतं, त्याच दिवशी घरी पाठवलं. आणि गंमत बघा, टेबलवरून उतरवल्यावर पहिलं सांगितलं ते काय, तर आता अर्धा तास चाला. डावा पाय मी अजून तरी चालून, टाचा उचलून आणि मोज्यावर सांभाळून आहे. डाव्या पायावर शिरा दिसतात, पण रात्रीचा गोळा महिन्यातून एखादा, पायातला जडपणा जवळपास गेला, आणि सूज संध्याकाळी असली तरी सकाळपर्यंत उतरते.

फरक पडतो आहे की नाही हे मनाने कळत नाही, कारण माणूस रोजच थकलेला असतो. म्हणून शिवणकामाचा टेप घ्या. घोट्याच्या हाडाच्या चार बोटं वर पेनाने खूण करा, सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी तिथे माप घ्या आणि रात्री जेवण झाल्यावर परत घ्या, दोन्ही आकडे कॅलेंडरच्या चौकटीत लिहा. मी सुरुवात केली तेव्हा माझ्या डाव्या पायाला सकाळी 23 सेंटीमीटर आणि रात्री साडेचोवीस होतं, दीड सेंटीमीटरचा फरक. टाच उचलून चालायला लागल्यापासून सहाव्या आठवड्यात तो अर्ध्यावर आला. उन्हाळ्यात परत थोडा वाढतो, तेव्हा मी सकाळची फेरी सुटू देत नाही आणि संध्याकाळी भिंतीशी पाच मिनिटं जास्त पडते. खूण आंघोळीने पुसली जाते, दर दोन दिवसांनी परत त्याच जागी करून घ्या, नाहीतर आकडे जुळणार नाहीत.